'फॅक्टर आठ पॉझिटिव्ह' म्हणजे काय?



दवाखान्यातून आलेल्या कागदावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द दिसला की आपल्या घरांत काळजाचे पाणी होते. हा शब्द आपण एचआयव्हीच्या प्रचारातून शिकलो. पुढे २०२० साली करोनाने तो घराघरांत नेला. त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे लागण, पॉझिटिव्ह म्हणजे इतरांना धोका, असे समीकरण डोक्यात पक्के बसले आहे. हे समीकरण सगळीकडे लावले तर काय होते, ते आज पाहू.

ऑफिस सुटल्यावर वस्तीतल्या आजारी माणसांबरोबर इस्पितळात जाणे, केसपेपर काढणे, रिपोर्टाच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहणे, हे माझे अनेक वर्षांचे काम. अशाच एका घरी मावशींच्या मांडीवरल्या गाठीचा रिपोर्ट आला. त्यात एक ओळ होती, 'फॅक्टर एट रिलेटेड अँटिजेन : पॉझिटिव्ह'. पुतण्याने तेवढीच ओळ वाचली. घरात कुजबुज सुरू झाली आणि दोन दिवसांत मावशींचे ताट, पेला आणि अंथरूण वेगळे झाले. माणसाचा पेला वेगळा ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. त्यात कोणीतरी सांगितले की फॅक्टर आठ हे हिमोफिलियाच्या रोग्यांना देतात. मग नातवंडांनाही रक्त न थांबण्याचा आजार होणार, ही आणखी एक धास्ती.

त्या ओळीचा खरा अर्थ एवढाच होता, की गाठीतल्या पेशींचा उगम रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात आहे. तिचा लागणीशी काही संबंध नव्हता आणि हिमोफिलियाशीही नव्हता. हा अर्थ कसा लागतो, तो आपण सावकाश समजून घेऊ. आज ना उद्या असा कागद आपल्यापैकी कोणाच्याही हातात येऊ शकतो.

गाठीला नेमके नाव कशासाठी?

गाठ हाताला लागते, सोनोग्राफीत दिसते, सीटी स्कॅनमध्ये तिचे माप मिळते. पण ती कोणत्या पेशींची आहे, हे त्यावरून नक्की ठरत नाही. त्यासाठी तिचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. यालाच आपण बायोप्सी म्हणतो. हे काम करणारे डॉक्टर म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. रोगी त्यांना सहसा पाहत नाही, पण पुढचे सगळे उपचार त्यांच्या शब्दावर चालतात.

एक उदाहरण घेऊ. यकृतात अनेक गाठी दिसल्या. त्या दुसऱ्या एखाद्या अवयवातला कॅन्सर पसरून आलेल्या असतील, तर मूळ जागा शोधून त्याप्रमाणे औषधे द्यावी लागतात. त्या रक्तवाहिनीच्या अस्तरापासून झालेल्या 'एपिथेलिऑइड हेमँजिओएंडोथेलिओमा' या दुर्मीळ प्रकारच्या असतील, तर गाठी अनेक असूनही निवडक रोग्यांमध्ये यकृत बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आणि त्या त्याच अस्तरापासून झालेल्या 'अँजिओसार्कोमा' या अतिशय जहाल प्रकारच्या असतील, तर यकृत बदलूनही उपयोग होत नाही, म्हणून डॉक्टर त्या वाटेला जात नाहीत. स्कॅनवर या तिन्हींचे चित्र सारखेच वाटू शकते. नाव बदलले की मार्ग बदलतो. म्हणून नावासाठी एवढा खटाटोप.

रक्त थांबवणारे प्रथिन

भाजी चिरताना बोट कापले तर थोड्या वेळाने रक्त आपोआप थांबते. वाहिनी फाटली की रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या तिथे धावून येतात आणि भोक बुजवतात. पण वाहत्या रक्तात त्या भिंतीला चिकटणार कशा? त्यांना चिकटवणारे एक लांबलचक प्रथिन असते. त्याचे नाव व्हॉन विलेब्रँड फॅक्टर.

हे नाव फिनलंडमधल्या एका डॉक्टरांवरून पडले. एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आजार लिहून प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे आलेली रोगी पाच वर्षांची मुलगी होती. हिमोफिलिया प्रामुख्याने मुलग्यांना होतो, आणि इथे तर मुलींनाही त्रास होता. हा आजार वेगळा आहे, हे त्यांनी ओळखले.

पुढे कळले की रक्तात दोन प्रथिने जोडीने फिरतात. एक फॅक्टर आठ, जे कमी असले की हिमोफिलिया 'ए' होतो. दुसरे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, जे फॅक्टर आठला आपल्या अंगाखांद्यावर घेऊन फिरते आणि रक्तात टिकवते. दोघे इतके चिकटून असतात की शास्त्रज्ञांनाही ते बराच काळ वेगळे करता आले नाहीत. १९७१ साली अमेरिकेत थिओडोर झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या शरीरात या जोडीविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार केली. ती वापरून पाहिले तर हिमोफिलियाच्या रोग्यांच्या रक्तात तो पदार्थ पुरेसा सापडला आणि व्हॉन विलेब्रँडच्या रोग्यांत कमी. म्हणजे अँटिबॉडी ज्याला पकडत होती, तो पदार्थ हिमोफिलियात कमी पडणारा नव्हताच. त्याला तेव्हा 'फॅक्टर आठशी संबंधित प्रतिजन' म्हटले गेले. तोच आपला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. जुने नाव मात्र रिपोर्टांत रेंगाळत राहिले, आणि त्या नावामुळे घरोघर घोटाळा होतो.

म्हणून लक्षात ठेवा. गाठीच्या रिपोर्टातल्या 'फॅक्टर एट रिलेटेड अँटिजेन' या शब्दांचा अर्थ हिमोफिलिया असा होत नाही. नातवंडांची काळजी करण्याचे कारण नाही.

गोदामातला माल

आता हे प्रथिन आणि गाठ यांचा संबंध काय? ते ज्या पेशींत तयार होते, त्यात या प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्या सगळ्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचे एकपदरी पातळ अस्तर असते. १९६४ साली एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या अस्तराच्या पेशींत लांबट, कांडीसारख्या पिशव्या दिसल्या. त्यांत काय भरले आहे, हे तेव्हा कळले नव्हते. १९७३ साली लिऑन हॉयर यांच्या गटाने चमकणाऱ्या अँटिबॉडीने दाखवले की फॅक्टर आठशी संबंधित तो पदार्थ अस्तराच्या पेशींत असतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक जाफी यांनी नवजात बाळांच्या नाळेतल्या शिरेपासून अस्तराच्या पेशी वेगळ्या काढल्या, काचपात्रात वाढवल्या आणि त्या पेशी हे प्रथिन स्वतः तयार करतात असे दाखवून दिले. एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेने केवढे काम केले पाहा. आणि १९८२ साली सिद्ध झाले की वायबेल-पलाडे पिशव्यांत साठवलेला माल म्हणजे हेच प्रथिन.

मी कॉमर्सचा माणूस. मला हे असे समजले. दुकानाची पाटी पडून गेली असेल, दुकानदार बोलत नसेल, तर गोदाम उघडून पाहावे. आत कापडाचे तागे असले तर दुकान कापडाचे. गाठीतल्या पेशी पार विस्कटलेल्या असतात. कोणत्या अवयवातल्या त्या, हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. पण त्यांच्या पोटात हे प्रथिन सापडले, तर त्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या कुटुंबातल्या आहेत असे म्हणायला आधार मिळतो. हा माल साठवणारे दुसरे घर एकच, हाडातल्या मगजात प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी आणि त्यांच्यापासून झालेल्या प्लेटलेट. बाकीच्या पेशी तो बनवत नाहीत. म्हणून हा पुरावा मोलाचा.

रंग कसा चढतो?

काढलेला तुकडा लगेच फॉर्मालिनमध्ये टाकतात, म्हणजे तो कुजत नाही. मग पाणी काढून त्यात मेण भरतात आणि एक छोटा ठोकळा बनवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. या ठोकळ्याचे यंत्राने तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही तो काप कितीतरी पातळ. तो काचपट्टीवर, म्हणजे स्लाईडवर बसवून गुलाबी आणि निळ्या-जांभळ्या रंगांत रंगवतात. बहुतेक गाठींचे निदान या साध्या रंगावरच होते.

त्यातून उलगडा झाला नाही, तर त्याच ठोकळ्याचे आणखी काप काढून अँटिबॉडीची तपासणी करतात. हिलाच आय.एच.सी. म्हणतात. अँटिबॉडी म्हणजे कुलपाची नेमकी किल्ली. व्हॉन विलेब्रँड प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी कापावर टाकली की ती फक्त त्या प्रथिनाला चिकटते. बाकीची धुऊन जाते. पण अँटिबॉडी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी टाकतात, जिच्याबरोबर पेरॉक्सिडेज नावाचे विकर जोडलेले असते. मग एक रसायन टाकले की विकर जिथे असेल तिथेच तपकिरी रंग उठतो. उरलेल्या पेशींना फिकट निळा रंग देतात. निळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी कण दिसले की 'पॉझिटिव्ह' लिहितात. नाही दिसले की 'निगेटिव्ह'. या शब्दांचा इथे अर्थ एवढाच.

अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडण्याची युक्ती अमेरिकेतल्या अल्बर्ट कून्स यांनी १९४१ मध्ये दाखवली होती. पण त्यासाठी खास सूक्ष्मदर्शक लागे आणि चमक काही काळाने विझे. १९६६ साली पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी विकराची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा रंग टिकाऊ होता आणि साधा सूक्ष्मदर्शक पुरत होता. त्यामुळे ही तपासणी संशोधकांच्या खोलीतून इस्पितळांत आली. १९८० च्या सुमारास फॅक्टर आठची अँटिबॉडी मेणाच्या ठोकळ्यांवर वापरून रक्तवाहिन्यांच्या गाठी ओळखण्याचे काम सुरू झाले.

नाव चुकलेली गाठ

या तपासणीने काय साधले, त्याची एक खरी हकीकत सांगतो. १९७५ साली अमेरिकेतल्या डेव्हिड डेल आणि अव्हेरिल लिबो या डॉक्टरांनी फुप्फुसातल्या एका चमत्कारिक गाठीचे वर्णन केले. ती फुप्फुसाच्या वायुकोशांच्या पेशींपासून होते आणि रक्तवाहिन्यांत शिरते, असे त्यांना वाटले. त्यांनी तसे नावही दिले, 'इंट्राव्हॅस्क्युलर ब्राँकिओलोअल्व्हिओलर ट्यूमर'. म्हणजे ती फुप्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार मानली गेली.

१९७९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दुसऱ्या संशोधकांना शंका आली की या पेशी वाहिनीच्या अस्तराच्या असाव्यात. पुढच्या काही वर्षांत फॅक्टर आठच्या रंगाने त्या शंकेला पुष्टी मिळाली. १९८२ साली वॉशिंग्टनच्या सैनिकी पॅथॉलॉजी संस्थेतल्या शॅरन वाइस आणि फ्रान्झ एन्झिंगर यांनी शरीराच्या मऊ भागांतल्या अशाच ४१ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या गाठी कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारांसारख्या दिसतात, त्यामुळे ओळखण्यात गल्लत होते, हे त्यांनी मथळ्यातच सांगितले आणि त्यांना 'एपिथेलिओइड हेमँजिओएंडोथेलिओमा' हे नाव दिले. वर यकृताच्या उदाहरणात आलेली गाठ ती हीच. फुप्फुसातली गाठही त्याच जातकुळीची निघाली. आणि १९८३ मध्ये डेल यांनीच आपल्या सहकाऱ्यांबरोबर वीस रोग्यांचा अभ्यास मांडून ती वाहिनीच्या अस्तराची गाठ असल्याचे लिहिले. ज्याने नाव ठेवले, त्यानेच पुरावा आल्यावर आठ वर्षांत ते दुरुस्त केले. पुराव्यापुढे मान तुकवणे म्हणतात ते हेच.

ही गाठ लहरी आहे. काही रोग्यांमध्ये ती वर्षानुवर्षे जागची हलत नाही, काहींमध्ये पसरते. म्हणून नाव कळल्यावरही डॉक्टर रोग्याला नियमित तपासणीस बोलावतात.

एका साक्षीदारावर निकाल नाही

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, एक रंग टाकला आणि काम झाले. तसे नाही. या साक्षीदाराची साक्ष तपासून घ्यावी लागते.

पहिली गोष्ट, हे प्रथिन रक्तातही असते. तुकडा काढताना रक्त आजूबाजूला झिरपले की तिथेही तपकिरी छटा उठते. जाणकार पॅथॉलॉजिस्ट ती ओळखून सोडून देतात आणि पेशीच्या आतले कण शोधतात.

दुसरी, प्रत्येक गाठीला पोसण्यासाठी तिच्यात साध्या रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. त्या तर तपकिरी होणारच. गाठीच्या स्वतःच्या पेशी रंगल्या की नाहीत, हे पाहावे लागते. पण याच साध्या वाहिन्या एक उपकारही करतात. त्यासुद्धा रंगल्या नाहीत, तर तपासणीच बिघडली असे समजते. ऑडिटर जसा आधी वजनकाटा तपासतो, तसे हे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाठ जेवढी जहाल, तेवढ्या तिच्या पेशी आपले मूळ काम विसरतात. अँजिओसार्कोमात हा रंग अनेकदा फिका येतो किंवा येतच नाही. उलट जन्मतः अंगावर असणाऱ्या साध्या लाल गाठीत, म्हणजे हेमँजिओमात, तो ठळक येऊ शकतो. म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर असे नव्हे आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो असेही नव्हे. या रंगाने पेशीचा उगम कळतो. उगम कळला म्हणजे वागणूक कळली, असे माणसांत होत नाही आणि पेशींतही होत नाही. वागणूक ठरवायला पेशींचा आकार, त्यांची वाढ, आजूबाजूचा नाश, हे सगळे पाहावे लागते.

याच उणिवेमुळे आता व्हॉन विलेब्रँडच्या रंगावर एकट्यावर कोणी विसंबत नाही. सीडी ३१, सीडी ३४ आणि ईआरजी हे अस्तराच्या पेशी दाखवणारे दुसरे रंग बहुधा आधी वापरतात. त्यांतले सीडी ३१ आणि ईआरजी जहाल गाठीतही सहसा दगा देत नाहीत. वरच्या हेमँजिओएंडोथेलिओमात दोन जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात, हे २०११ मध्ये सापडले. त्यामुळे 'कॅमटा १' नावाची अँटिबॉडीही आता मदतीला आली आहे. तुमच्या रिपोर्टात फॅक्टर आठऐवजी ही नावे दिसली, तर गोंधळू नका. प्रश्न तोच आहे, साक्षीदार बदलले आहेत.

आपण काय करावे?

१. शरीरातून काढलेली कोणतीही गाठ फेकू देऊ नका. साधी चरबीची दिसली तरी तपासायला पाठवा. पुष्कळदा बाटली नातेवाइकांच्याच हाती देतात. त्यात फॉर्मालिन आहे ना, गाठ पूर्ण बुडाली आहे ना, बाटलीवर नाव आहे ना, हे विचारून घ्या आणि ती त्याच दिवशी पोहोचवा. साध्या पाण्यात ठेवलेला तुकडा खराब होतो, मग कितीही महागडी अँटिबॉडी वापरली तरी उपयोग नाही.

२. फॉर्म नीट भरा. वय, गाठीची जागा, ती कधीपासून आहे, पूर्वी शस्त्रक्रिया किंवा शेक झाला का, हे सर्व लिहा. सोबत स्कॅनचा रिपोर्ट जोडा. पॅथॉलॉजिस्टला रोगी दिसत नाही, त्यांना हा कागदच रोगी.

३. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' या भीतीने बायोप्सी टाळू नका. तसे घडणे फार विरळ आहे. निदानाशिवाय गेलेल्या महिन्यांचे नुकसान मात्र नक्की आहे. रक्तवाहिनीच्या गाठीचा संशय असेल तर सुईने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डॉक्टर तशी तयारी करतात. गाठीतून पूर्वी रक्त आले असेल तर त्यांना आधी सांगा.

४. रिपोर्टात 'आय.एच.सी. ॲडव्हाइज्ड' असे लिहिले असेल, तर निदान अजून पुरे झालेले नाही. यात डॉक्टरांची टाळाटाळ नसते. प्रत्येक अँटिबॉडीचा खर्च वेगळा लागतो आणि सहसा तीन-चार तरी लागतात. पैशाची अडचण असेल तर गप्प बसून तपासणी सोडू नका. इस्पितळातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या मदत-कक्षात आरोग्यमित्राला विचारा.

५. दुसरे मत हवे असेल तर पुन्हा तुकडा काढण्याची गरज बहुधा पडत नाही. पहिल्या प्रयोगशाळेकडून ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या. मुंबईचे टाटा मेमोरियल इस्पितळ बाहेरून आलेले ब्लॉक तपासते. ब्लॉक घेताना-देताना पावती घ्या, त्याचा नंबर वहीत टिपून ठेवा आणि तो उन्हात ठेवू नका, तो मेणाचा आहे.

६. रिपोर्टाची एकच ओळ वाचू नका. शेवटी 'इम्प्रेशन' किंवा 'डायग्नोसिस' असे लिहिलेले असते, तो निकाल. तो डॉक्टरांकडून मराठीत समजावून घ्या. समजला नाही तर दोनदा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि शेवटचे. गाठ कोणत्याही नावाची निघो, ती एका ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने, शेजारी झोपल्याने दुसऱ्याला होत नाही. रिपोर्टात पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, आजारी माणसाचे ताट आपल्याच पंगतीत मांडा.